सांता क्रूझ (कॅलिफोर्निया) : एकोणिसाव्या शतकातील वाढ

सांता क्रूझ : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी कॅलिफोर्निया राज्याच्या मध्य किनाऱ्यावरील एक शहर व त्याच नावाच्या परगण्याचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या ६२,९५६ (२०२०). ते सॅन फ्रॅन्सिस्कोच्या दक्षिणेस सडकेने सु. १२० किमी. अंतरावर, माँटेरे उपसागराच्या उत्तर टोकाशी, सॅन लोरेन्झो नदीच्या मुखावर वसले आहे. ‘पवित्र क्रूस’ असा त्याच्या स्पॅनिश नावाचा अर्थ आहे. मुंबईतील सांताक्रूझ या उपनगराचे नाव पोर्तुगीज भाषेतून आलेले असून त्याचा अर्थही तोच आहे. मात्र या दोन गावांचा परस्परांशी काही संबंध नाही. आज हे शहर विद्यापीठ, पुळण आणि लाटांवरील फळीविहार यांसाठी प्रसिद्ध असले, तरी त्याची मूळ वाढ चुना, लाकूड, कातडी आणि बंदुकीची दारू या चार मालांवर झाली. हा माल प्रामुख्याने सॅन फ्रॅन्सिस्कोच्या उभारणीसाठी जात असे आणि त्यांपैकी प्रत्येकामागे एकच वस्तू होती, ती म्हणजे मागच्या डोंगरातील अरण्य.

गावाच्या पाठीशी सांता क्रूझ पर्वताची रांग आहे. पाऊस हिवाळ्यात पडतो. कोरड्या उन्हाळ्यात समुद्रावरून येणारे दाट धुके दऱ्यांमध्ये भरून राहते आणि त्याच्या ओलाव्यावर किनारी रेडवुड हा जगातील सर्वांत उंच वृक्ष वाढतो. शंभर मी.पेक्षा अधिक उंचीचे रेडवुड आढळले असून त्यांचे आयुष्य हजार वर्षांहूनही अधिक असू शकते. याच डोंगरात स्फटिकमय चुनखडकाचे मोठे थर उघडे पडलेले आहेत. उतारावरून वेगाने येणारे ओढे गिरण्यांची चाके फिरविण्यास पुरेसे आहेत. लाकूड, चुनखडक आणि पाणी या तिन्ही गोष्टी समुद्रापासून थोडक्या किमी.च्या आत एकत्र सापडणे ही कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर विरळा गोष्ट होती. उणीव होती ती बंदराची. येथील किनारा दक्षिणेकडे उघडा असल्यामुळे वादळी वाऱ्यात जहाजांना आसरा मिळत नसे. म्हणून माल चढविण्यासाठी समुद्रात दूरवर लाकडी धक्के बांधावे लागले. हिवाळ्यातील वादळांत ते वारंवार मोडत आणि पुन्हा बांधले जात.

यूरोपीय येण्यापूर्वी या प्रदेशात ओहलोनी गटातील अवास्वास भाषा बोलणाऱ्या लहान लहान जमाती राहत. नदीच्या मुखाजवळची जमात उइपी या नावाने नोंदली गेली आहे. शिंपले, मासे, ओकची फळे आणि शिकार यांवर त्यांचा निर्वाह चाले. गवताळ माळ ते ठराविक काळाने जाळीत, त्यामुळे बियांचे पीक चांगले येई आणि हरणांना कोवळा चारा मिळे. गास्पार दे पोर्तोला याच्या नेतृत्वाखालील स्पॅनिश तुकडी ऑक्टोबर १७६९ मध्ये येथून गेली. तिच्यासोबतच्या फादर हुआन क्रेस्पी याने आपल्या रोजनिशीत या भागातील तांबड्या लाकडाच्या प्रचंड वृक्षांची नोंद केली. रेडवुडसंबंधीची ही पहिली लिखित माहिती होय. सॅन लोरेन्झो व सांता क्रूझ ही नावेही याच प्रवासात पडली.

इ. स. १७९१ मध्ये फादर फेर्मिन लास्वेन याने येथे मिशनची स्थापना केली. कॅलिफोर्नियातील फ्रान्सिस्कन मिशनांच्या मालिकेतील हे बारावे. पहिली जागा नदीकाठच्या सखल भागात होती. तेथे पुराचे पाणी येताच मिशन टेकडीवर हलविण्यात आले. मिशनमध्ये आलेल्या स्थानिकांचा बाप्तिस्मा होई आणि त्यानंतर त्यांना परवानगीशिवाय तेथून जाता येत नसे. शेती, गुरे राखणे, विणकाम, विटा पाडणे ही कामे त्यांच्याकडून करवून घेतली जात. १७९६ मध्ये मिशनची वस्ती सु. पाचशेपर्यंत पोहोचली, तीच तिची सर्वोच्च संख्या ठरली. देवी, गोवर यांसारखे रोग, कोंदट निवास आणि बालमृत्यू यांमुळे मृत्यूंचे प्रमाण इतके मोठे होते, की दोन हजारांहून अधिक बाप्तिस्म्यांच्या नोंदींसमोर सु. दोन हजार मृत्यूंच्या नोंदी आढळतात. किनाऱ्यावरील जमाती संपत आल्यावर आतल्या सॅन वाकीन खोऱ्यातील योकट्स लोकांना मिशनमध्ये आणण्यात आले. विरोध झालाच नाही, असे नाही. १७९३ च्या डिसेंबरात शेजारच्या जमातींनी मिशनवर हल्ला केला आणि १८१२ मध्ये फादर आंद्रेस किंताना याला मिशनमधील काही स्थानिकांनी ठार मारले. या प्रकरणाची हकिकत लोरेन्झो असिसारा या मिशनमध्येच जन्मलेल्या गृहस्थाने १८७७ मध्ये सांगितली व ती लिहून घेण्यात आली. किंताना लोखंडी टोकांचा चाबूक वापरीत असे, असे तीत म्हटले आहे. मिशनविषयीचे बहुतेक लेखन पाद्र्यांच्या हातचे असल्याने, आतून आलेल्या या साक्षीचे महत्त्व मोठे आहे.

नदीच्या पूर्व काठावर जुलै १७९७ मध्ये व्हिया दे ब्रांसिफोर्ते ही नागरी वसाहत स्थापन झाली. न्यू स्पेनच्या व्हाइसरॉयचे नाव तिला देण्यात आले. कॅलिफोर्नियात स्पेनने वसविलेल्या नागरी गावांपैकी सॅन होसे (१७७७) व लॉस अँजेल्स (१७८१) यांच्यानंतरचे हे तिसरे गाव. निवृत्त सैनिक येथे स्थायिक होतील, जमीन कसतील आणि प्रसंगी किनाऱ्याचे रक्षण करतील, अशी योजना होती. प्रत्यक्षात ग्वादलाहाराकडून मोजकीच कुटुंबे आली. शासनाने देऊ केलेली घरे व अवजारे पुरेशी मिळाली नाहीत आणि मिशनच्या इतक्या जवळ गाव वसविण्यास पाद्र्यांचा आरंभापासून विरोध राहिला. १८१८ मध्ये हिपोलीत बूशार या खाजगी लढाऊ जहाजांच्या कप्तानाने माँटेरे लुटले, तेव्हा सांता क्रूझच्या मिशनला स्थलांतराचा हुकूम झाला. बूशार येथे उतरलाच नाही. परंतु रिकामे मिशन मात्र लुटले गेले आणि त्याचा ठपका ब्रांसिफोर्तेच्या रहिवाशांवर आला. गाव म्हणून ब्रांसिफोर्ते फारसे वाढले नाही.

मेक्सिको १८२१ मध्ये स्वतंत्र झाला आणि १८३४ मध्ये सांता क्रूझ मिशनचे धर्मसत्तेखालील व्यवस्थापन संपविण्यात आले. मिशनची जमीन व गुरे तेथील स्थानिकांना मिळावीत, असा कायद्याचा उद्देश होता. त्यांपैकी काहींना टेकडीजवळ लहान तुकडे मिळालेही. पण मोठ्या जमिनी मेक्सिकन सरकारने ‘रांचो’ म्हणून आपल्या मर्जीतील कुटुंबांना दिल्या. गुरांची कातडी आणि चरबी हीच या काळातील निर्यात होती. याच सुमारास परकीय खलाशी, शिकारी आणि भटके कारागीर या भागात स्थिरावू लागले. आयझॅक ग्रॅहम हा त्यांतील सर्वांत गाजलेला. १८४० मध्ये बंडाच्या संशयावरून त्याला व इतर परकीयांना पकडून मेक्सिकोतील सान ब्लास येथे नेण्यात आले. सुटून परत आल्यावर त्याने झायांटे ओढ्याच्या परिसरात जमीन मिळविली. १८४० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तेथे पाण्याच्या शक्तीवर चालणारी लाकूड कापण्याची गिरणी उभी राहिली. कॅलिफोर्नियातील अशा प्रकारच्या आरंभीच्या गिरण्यांत तिची गणना होते. सोन्याचा शोध लागण्यापूर्वीच सांता क्रूझचा भावी व्यवसाय अशा रीतीने ठरून गेला होता.

मेक्सिकोशी झालेल्या युद्धानंतर ग्वादलूपे इदाल्गोच्या तहाने (१८४८) कॅलिफोर्निया अमेरिकेकडे आला आणि १८५० मध्ये त्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत येथे स्थापन झालेल्या परगण्याचे पहिले नाव ब्रांसिफोर्ते असे होते. काही आठवड्यांतच ते बदलून सांता क्रूझ करण्यात आले. पूर्वीच्या मालकांचे जमिनीवरील हक्क तहाने मान्य केले असले, तरी १८५१ च्या कायद्यान्वये प्रत्येक मालकाला आपला हक्क आयोगापुढे व न्यायालयात सिद्ध करावा लागे. खटले वर्षानुवर्षे चालत, कामकाज इंग्रजीत होई आणि वकिलांची फी बहुधा जमिनीच्या रूपाने द्यावी लागे. मार्तिना कास्त्रो या स्त्रीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिला १८३३ मध्ये सोकेल व १८४४ मध्ये त्याला जोडून ३२,००० एकरांहून अधिक वनप्रदेश मिळाला होता. १८५० मध्ये तिने आपली जमीन मुलांमध्ये वाटली. त्यांचे हिस्से एकामागून एक विकले गेले आणि वाटणीचा दावा कित्येक वर्षे न्यायालयात राहिला. अखेरीस या अरण्याचा मोठा भाग नव्या भांडवलदारांकडे गेला. त्यांतील प्रमुख फ्रेडरिक ऑगस्टस हिन हा जर्मनीतून १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात आलेला व १८५१ मध्ये सांता क्रूझला दुकान थाटणारा व्यापारी होता. जमीन, लाकूड, पाणीपुरवठा आणि पुढे लोहमार्ग यांत त्याने पैसा गुंतविला आणि तो परगण्यातील सर्वांत श्रीमंत व्यक्तींपैकी एक झाला.

सोन्याच्या खाणींकडे धावलेल्या माणसांपेक्षा त्यांना लागणाऱ्या वस्तू पुरविणाऱ्यांचा लाभ अनेकदा अधिक झाला, याचे प्रत्यंतर येथेही येते. एलिहू अँथनी हा लोहार व मेथडिस्ट धर्मोपदेशक १८४८ मध्ये येथे आला. खाणकामगारांसाठी लोखंडी कुदळी घडविण्याचे काम त्याने आरंभिले आणि टेकडीच्या पायथ्याच्या सखल भागात जमीन घेऊन दुकाने उभी केली. मिशनच्या टेकडीवरचे जुने गाव मागे पडून व्यापारी वस्ती खालच्या पूरमैदानात सरकली ती तेव्हापासून. पाद्र्यांनी ज्या पुराच्या भीतीने सखल भाग सोडला होता, तेथेच नव्या वसाहतवाल्यांनी आपली मुख्य पेठ बांधली. १८६२ च्या महापुरापासून १९५५ च्या पुरापर्यंत शहराने त्याची किंमत अनेकदा मोजली. खुद्द मिशनचे मातीचे चर्च जानेवारी १८५७ च्या भूकंपात खिळखिळे झाले आणि पुढच्या महिन्यात कोसळले.

सॅन फ्रॅन्सिस्को हे तंबू आणि फळ्यांचे शहर डिसेंबर १८४९ ते जून १८५१ या काळात मोठमोठ्या आगींत वारंवार जळाले. परिणामी तेथे विटांच्या इमारतींचा आग्रह धरला जाऊ लागला. विटांना चुना हवा आणि तोपर्यंत तो बव्हंशी बाहेरून जहाजाने आणावा लागत असे. आयझॅक डेव्हिस व अल्बियन जॉर्डन या दोघांनी १८५३ मध्ये सांता क्रूझच्या डोंगरात चुनाभट्ट्या घातल्या. खाणीत सुरुंग लावून खडक फोडीत आणि त्याचे तुकडे भट्टीत अशा रीतीने रचीत, की खाली जाळासाठी कमानी उरतील. मग रेडवुडची लाकडे घालून तीन-चार दिवस अहोरात्र आच द्यावी लागे. सु. ९००° से.च्या वर तापमान गेले, की खडकातील कार्बन डाय-ऑक्साइड निघून जाऊन कळीचा चुना उरतो. आच कमी पडली तर मध्ये कच्चा खडक राहतो आणि प्रमाणाबाहेर वाढली तर चुना पाण्यात नीट विरत नाही. त्यामुळे भट्टीवाल्याच्या अनुभवावर सारा नफा अवलंबून असे. भट्टी थंड झाल्यावर चुना लाकडी पिंपांत भरून बैलगाड्यांनी धक्क्यावर नेत. पिंपे बनविणारे कारागीर, बैल हाकणारे, लाकूडतोडे, खाणकामगार अशी सगळी वस्ती भट्ट्यांभोवती राहत असे. त्यांत पोर्तुगीज व इटालियन मजूर पुष्कळ होते. कळीच्या चुन्याला पाणी लागताच तीव्र उष्णता निर्माण होते. त्यामुळे पिंप गळके निघाले किंवा समुद्राचे पाणी आत शिरले, तर जहाज पेट घेण्याचा धोका असे आणि आग विझविण्यासाठी पाणीही वापरता येत नसे.

जॉर्डनचा हिस्सा १८६५ मध्ये हेन्री कॉवेल याने विकत घेतला व पुढे हा सर्व उद्योग कॉवेल कुटुंबाच्या हाती गेला. राज्यात तयार होणाऱ्या चुन्याचा मोठा वाटा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच परगण्यातून येत असे. कॉवेलने हजारो एकर डोंगर विकत घेतला. त्याचे कारण केवळ चुनखडक नव्हता. भट्टीला खडकापेक्षा लाकडाची अधिक चणचण भासे. भट्ट्यांभोवतीचे उतार उघडे पडत गेले, तसतसे सरपणासाठी अधिक दूर जावे लागले. चुन्याच्या व्यवसायाची मर्यादा खडकाने नव्हे, तर सरपणाने ठरविली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

इमारती लाकडाचा व्यवसाय त्याहून मोठा होता. रेडवुडचे लाकूड सरळ चिरते, सहसा किडत नाही आणि दमट जमिनीतही टिकते. म्हणून छपराच्या लाकडी कौलांपासून ते रेल्वेच्या स्लीपरांपर्यंत त्याचा खप होता. बुंध्याचा खालचा भाग फुगीर असल्याने लाकूडतोडे जमिनीपासून बऱ्याच उंचीवर फळ्या खोचून, त्यांवर उभे राहून कुऱ्हाड चालवीत. बैलांच्या जोड्या लावून ओंडके गिरणीपर्यंत ओढीत आणि ते घसरावेत म्हणून वाटेवर आडवी लाकडे टाकून त्यांना वंगण लावीत. सोपे, ओढ्याकाठचे वृक्ष प्रथम गेले. नंतर लोहमार्ग दऱ्यांत शिरला आणि दुर्गम भागही तोडीखाली आला. आप्टोस खाडीच्या वरच्या खोऱ्यात १८८३ पासून झालेली तोड हे त्याचे ठळक उदाहरण. जोडीला कातडी कमावण्याचा उद्योग होता. रेडवुडच्या सावलीत वाढणाऱ्या टॅनओक या झाडाच्या सालीत टॅनिन भरपूर असते. साल सोलून खेचरांवर लादून आणीत आणि सोललेले झाड पुष्कळदा जागीच कुजत ठेवीत. परगण्यातील कारखान्यांचे जोड्यांच्या तळव्याचे कातडे राज्यभर नावाजलेले होते. त्यांतील १८६६ च्या सुमारास जेकब क्रोन याच्याकडे आलेला कारखाना पुढे मालक बदलत २००१ पर्यंत चालू राहिला.

यादवी युद्धामुळे पूर्वेकडून येणारी बंदुकीची दारू बंद पडली आणि कॅलिफोर्नियातील खाणींची अडचण झाली. त्यामुळे १८६१ मध्ये ‘कॅलिफोर्निया पावडर वर्क्स’ ही कंपनी स्थापन होऊन तिने नदीच्या वरच्या अंगाला, गावापासून सु. ५ किमी.वर कारखाना उभारला. १८६४ मध्ये उत्पादन सुरू झाले. नदीच्या वळणामुळे पाण्याची शक्ती मिळे आणि कोळशासाठी लाकूड आसपास होते. सिएरा नेव्हाडा पर्वत ओलांडणाऱ्या सेंट्रल पॅसिफिक लोहमार्गासाठी फोडलेल्या खडकांत येथील दारूचा उपयोग झाला. पिंपे तयार करण्याच्या कामावर चिनी मजूर होते. स्फोट हे या धंद्याचे नित्याचे संकट होते. अमेरिका-स्पेन युद्ध सुरू होत असताना, २६ एप्रिल १८९८ रोजी झालेल्या स्फोटात १३ जण ठार झाले. कारखाना १९१४ मध्ये बंद पडला. त्याने १८७२ मध्ये बांधलेला आच्छादित लाकडी पूल अद्याप उभा आहे.

गावाला १८६६ मध्ये नगराचा व १८७६ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. उद्योगांबरोबर शाळा, चर्च, वृत्तपत्रे आणि नाना मतांची माणसेही आली. सुधारणावादी लेखिका एलायझा फार्नम १८५० मध्ये येथे शेती करू लागली. तिची मैत्रीण जॉर्जियाना ब्रूस कर्बी हिने १८६९ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी स्थानिक संस्था काढली. तिचा पती कातडी कमावण्याच्या व्यवसायात होता. १८७१ मध्ये एलेन व्हॅन व्हाल्केनबर्ग या विधवेने मतदार म्हणून नोंदणीची मागणी केली व ती नाकारल्यावर दावा लावला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १८७२ मध्ये फेटाळला. लंडन नेल्सन हा नॉर्थ कॅरोलायनात गुलाम म्हणून जन्मलेला कृष्णवर्णी गृहस्थ मालकाबरोबर सोन्याच्या शोधात आला होता. स्वातंत्र्य विकत घेतल्यावर तो १८५६ मध्ये सांता क्रूझला आला. जोडे दुरुस्त करून व भाजीपाला पिकवून तो राहत असे. १८६० मध्ये मृत्यूसमयी त्याने आपली सर्व मालमत्ता गावातील शाळांना दिली. त्या काळी कॅलिफोर्नियात कृष्णवर्णी मुलांना गोऱ्यांच्या शाळेत सहसा प्रवेश नसे. लेखकांच्या चुकीने त्याचे नाव दीर्घकाळ ‘लाउडन’ असे छापले जात होते. त्याच्या नावाच्या समाजकेंद्रावरील ही चूक २०२१ मध्ये दुरुस्त करण्यात आली. दुसऱ्या बाजूस, खुनाच्या संशयावरून पकडलेल्या दोन स्पॅनिशभाषक तरुणांना ३ मे १८७७ रोजी जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन नदीवरील पुलाजवळ फाशी दिले. फासावर लटकणाऱ्या देहांचे छायाचित्रही काढण्यात आले.

समुद्रमार्गाचा माल आणि डोंगरातील घोडागाड्या यांवर विसंबलेल्या गावाला रेल्वेची ओढ लागणे स्वाभाविक होते. १८७५ मध्ये फेल्टनपासून धक्क्यापर्यंत अरुंदमापी लोहमार्ग झाला. पुढील वर्षी हिन व साखर-व्यवसायी क्लाउस श्प्रेकल्स यांच्या पुढाकाराने पाहारोपर्यंतचा मार्ग सुरू झाला. मात्र वादळात पूल वाहून गेल्याने तो डबघाईला येऊन १८८१ मध्ये सदर्न पॅसिफिक कंपनीकडे गेला. खरा बदल घडला तो १८८० मध्ये, पर्वत भेदून उत्तरेकडे जाणारा ‘साउथ पॅसिफिक कोस्ट’ मार्ग पुरा झाल्यावर. त्यावरील सर्वांत लांब बोगदा सु. १.९ किमी. लांबीचा होता. खोदकामात खडकातून ज्वालाग्राही वायू निघत असे. १७ नोव्हेंबर १८७९ रोजी त्याचा भडका उडून तीसहून अधिक चिनी मजूर मरण पावले. हा बोगदा सॅन अँड्रिआस प्रस्तरभंगाला छेदून जातो; १९०६ च्या भूकंपात त्याच्या दोन बाजू एकमेकींपासून सु. दीड मी. सरकल्या.

लोहमार्गांचे मातीकाम व बोगदे बव्हंशी चिनी मजुरांनी केले. शहरात ते धोबीकाम, भाजीचे मळे व घरकाम करीत. जवळच्या किनाऱ्यावर त्यांच्या मासेमारीच्या वस्त्या होत्या. तथापि १८७३ नंतरच्या मंदीत गोऱ्या कामगारांचा रोष त्यांच्यावर वळला आणि स्थानिक वृत्तपत्रांनी तो वाढविला. चिनी स्थलांतराविषयी १८७९ मध्ये घेतलेल्या राज्यव्यापी मतदानात दीड लाखाहून अधिक मते विरोधात पडली, तर बाजूने हजार मतेही पडली नाहीत. सांता क्रूझ परगण्याचा कौल याहून निराळा नव्हता. बोगद्यातील स्फोट त्याच वर्षातला. १८८२ च्या संघीय कायद्याने चिनी मजुरांच्या प्रवेशास बंदी घातली.

रेल्वेने लाकूड बाहेर नेले आणि परतीच्या डब्यांतून पर्यटक आणले. नदीमुखाजवळ १८६० नंतर स्नानगृहे निघाली होती. आता त्यांची संख्या वाढली. हिनने १८७४ मध्ये सोकेल नदीच्या मुखावर कॅपिटोला हे उन्हाळी शिबिर सुरू केले होते. फेल्टनजवळची राखलेली रेडवुड राई जोसेफ वेल्च याने विश्रामस्थान म्हणून चालविली. तोडीच्या प्रदेशातील हे अजस्र वृक्ष पाहण्यास लोक पैसे देऊन येत. दीपगृह १८६९ च्या अखेरीस उजळले. तेथे १८८३ पासून तीन दशकांहून अधिक काळ लॉरा हेकॉक्स ही दीपरक्षक होती. तिने जमविलेला शंखशिंपल्यांचा संग्रह शहराच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचा पाया ठरला. जेनोवाजवळच्या किनाऱ्यावरून आलेल्या इटालियन कोळी कुटुंबांनी धक्क्याजवळ वस्ती केली. जुलै १८८५ मध्ये सॅन मटेओ येथे शिकणाऱ्या तीन हवाईयन राजपुत्रांनी—डेव्हिड कवानानाकोआ, एडवर्ड केलिइआहोनुइ आणि जोना कूहिओ कलानिआनाओले—नदीच्या मुखाशी लाटांवर फळीविहार केला. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील या खेळाची ही पहिली ज्ञात नोंद होय. त्यांच्या फळ्या स्थानिक गिरणीत कापलेल्या रेडवुडच्या होत्या.

शहराची लोकसंख्या १८६० मध्ये हजाराच्या आत होती. ती १८७० मध्ये २,५६१, १८८० मध्ये ३,८९८ व १८९० मध्ये ५,५९६ झाली. १९०० च्या शिरगणतीत मात्र ती ५,६५९ एवढीच भरली. तीस वर्षे सतत वाढलेले गाव दहा वर्षांत अवघ्या ६३ माणसांनी वाढले. १८९३ ची आर्थिक मंदी हे त्याचे एक कारण. एप्रिल १८९४ च्या आगीत परगण्याचे न्यायालय, पेठेचा मोठा भाग आणि चिनी वस्ती जळाली, हे दुसरे. परंतु त्यांच्या मुळाशी असलेले कारण डोंगरात दिसत होते. सहज पोहोचता येणारे जुने अरण्य संपत आले होते, सरपण महागले होते आणि लाकूड, साल व चुना यांवर जगणाऱ्या कुटुंबांना नव्या खोऱ्यांकडे जावे लागत होते. राज्याच्या उत्तर भागातील हंबोल्ट परगण्याचे लाकूडही बाजारात स्पर्धा करू लागले होते.

याच सुमारास छायाचित्रकार अँड्र्यू हिल याला वेल्चच्या राईत छायाचित्रे काढण्यास मालकाने मनाई केली. एवढे प्राचीन वृक्ष एका खाजगी व्यक्तीच्या मर्जीवर असावेत, हे त्याला पटले नाही. मे १९०० मध्ये त्याने व इतरांनी पर्वतातील बिग बेसिन या खोऱ्यात मुक्काम करून ‘सेम्परव्हायरन्स क्लब’ या संस्थेची स्थापना केली. संस्थेच्या खटपटीमुळे राज्य शासनाने ते खोरे विकत घेण्याचे ठरविले व १९०२ मध्ये तेथे उद्यान झाले. कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यानांत ते सर्वांत जुने समजले जाते. ज्या परगण्याने सर्वाधिक उत्साहाने रेडवुड तोडले, तेथेच ते राखण्याची चळवळ उभी राहिली, यात विसंगती नाही; थोडेच उरले आहेत हे येथील लोकांना इतरांच्या आधी कळले होते. ऑगस्ट २०२० च्या वणव्यात हे उद्यान जवळजवळ संपूर्ण होरपळले. तथापि रेडवुडची साल जाड व आगीस दाद न देणारी असल्याने बहुतेक जुने वृक्ष जगले आणि त्यांना नवी पालवी फुटली.

विसाव्या शतकात शहराने समुद्राचा आधार घेतला. १९०४ मध्ये पुळणीवर उभारलेले मनोरंजनगृह १९०६ मध्ये जळाले व १९०७ मध्ये पुन्हा बांधले गेले. याच सुमारास ब्रांसिफोर्ते हे जुने गाव शहरात विलीन झाले. लोकसंख्या १९१० मध्ये ११,१४६ वर गेली. कळीच्या चुन्याची जागा सिमेंटने घेतली आणि उत्तरेस डॅव्हनपोर्ट येथे १९०६ मध्ये उभा राहिलेला सिमेंट कारखाना २०१० पर्यंत चालला. कॉवेलची जमीन १९६१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने घेतली व १९६५ मध्ये तेथे सांता क्रूझ येथील शाखा सुरू झाली. विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराजवळ जुन्या चुनाभट्ट्या, पिंपे बनविण्याची शाळा व मजुरांच्या झोपड्या यांचे अवशेष जतन केलेले आहेत. मिशनच्या टेकडीवर चर्चची १९३० नंतर बांधलेली लहान प्रतिकृती आहे. मूळ मिशनपैकी एकच इमारत शिल्लक असून ती पाद्र्यांची नव्हे, तर ओहलोनी व योकट्स कुटुंबांच्या राहण्यासाठी १८२० नंतरच्या पहिल्या वर्षांत बांधलेली मातीच्या विटांची चाळ होय. राज्य ऐतिहासिक उद्यान म्हणून ती आता पाहण्यास खुली आहे.